सुई मुळीच दुखत नाही

२ मार्च, रविवार. सकाळी ९.
वजन ९६.४ किलो. ही गेली तेव्हा ८२ होतं. म्हणजे आठ महिन्यांत चौदा किलो चारशे ग्रॅम. बायको गेल्यावर माणसं वाळतात असं ऐकलं होतं. मी वाढलो.

डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन दिलं आहे. पेनसारखं असतं. पोटाला टेकवायचं, बटण दाबायचं, भूक कमी होते. कसं घ्यायचं ते दवाखान्यातली नर्स दाखवायला लागली होती. मी म्हणालो, बाई, सव्वीस वर्षं दुकानांचे वजनकाटे तपासतोय, उपकरण काय असतं ते मला नका शिकवू. ती म्हणाली, बरं काका, पण घरी गेल्यावर कागद तरी वाचा.

कागद स्वयंपाकघरातल्या वरच्या खणात ठेवला. तो हिचा खण. मिक्सर असो की खोकल्याचं औषध, घरात आलेल्या प्रत्येक वस्तूचा कागद ही उभ्याने आणि मोठ्याने वाचायची. वाचून झालेल्या ओळीपुढे पेन्सिलीने बरोबरची खूण करायची. मी म्हणायचो, पुरे गं, मिक्सर आहे, विमान नाही.

९.२०. पहिलं इंजेक्शन घेतलं. सुई मुळीच दुखत नाही. टोचल्याचं कळलंसुद्धा नाही. विज्ञान फार पुढे गेलं आहे. बटण पूर्ण दाबलं, आकडा शून्यावर आला. शून्य कशाला म्हणतात ते मला कळतं. पेनच्या तोंडाशी जरा ओलसर लागलं, ते पुसलं.

हे कुणालाही सांगायचं नाही.

३ मार्च, सोमवार.
आहारतज्ज्ञ बाईंना भेटलो. त्यांनी तक्ता दिला. भूक नसली तरी वेळेवर जेवायचं. रोज ९० ग्रॅम प्रोटीन, आणि ताटलीत तेच आधी संपवायचं. ताटली छोटी. जेवताना टीव्ही बंद. प्रत्येक घासानंतर चमचा खाली ठेवायचा. बाई म्हणाल्या, भूक मारायचं काम औषध करेल, तुम्ही जेवण मारू नका, नाहीतर चरबीच्या आधी स्नायू जातील. दुष्परिणाम जाणवले तर लिहून ठेवा असंही म्हणाल्या. मळमळ, पोट जड होणं, थकवा वगैरे.

ठराव: तक्ता तंतोतंत पाळायचा. अंदाजाने काही नाही, सगळं मोजून.

घरच्या वजनकाट्यावर विश्वास कसा ठेवणार? ऑफिसातली वीस-वीस किलोची दोन प्रमाण वजनं आणि लहान काटा घरी आणला. आमचा शिक्केवाला, म्हणजे तपासलेल्या काट्यांवर शिक्का मारतो तो, त्याने वजनं वर चढवून दिली. जिन्यात म्हणाला, साहेब, माझी रिटायरमेंट दोन वर्षांवर आली, तेवढी तरी गाठू द्या. घरचा काटा ४० किलोला ४०.१ दाखवतो. मान्य त्रुटीत बसतो. सरकारी वजनं घरी नेणं नियमात बसत नाही. पण एका दिवसाचा प्रश्न आहे.

४ मार्च, मंगळवार.
नाश्त्याला तीन अंडी ठरली होती. दीड खाल्लं. औषध लागू पडलं! दोनच दिवसांत!

चमचा खाली ठेवल्यावर काय करायचं ते बाईंनी सांगितलेलं नाही. टीव्ही बंद. समोर खुर्ची. तिच्याकडे बघत बसलो. दर घासाला साधारण अर्धा मिनिट.
दुष्परिणाम १: घशात आवंढा. गिळताना त्रास.

९ मार्च, रविवार.
वजन ९५.१. दुसरं इंजेक्शन घेतलं. दुखत नाही.

एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून लिहून टाकतो. अंत्यविधीहून परत आलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. शेजाऱ्यांनी मटार घातलेला भात आणून ठेवला होता. सगळे हातात ताटल्या धरून नुसते उभे होते. मी जेवलो. मग पुन्हा घेतला. मग तिसऱ्यांदा. पहाटेपासून पोटात काही नव्हतं, भूक लागली होती, यात माझा काय दोष? तिसऱ्यांदा वाढून घेताना मान वर केली तर समोर ताई. ताई म्हणजे हिची मोठी बहीण. त्या म्हणाल्या, भूक आहे वाटतं.

एवढंच. त्यानंतर आठ महिने त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. मीही फोन केला नाही. काय बोलणार? भूक होतीच. पुढेही रोज होती. ऑफिसातून येताना पाव आणायचो आणि उभ्या उभ्या संपवायचो.

ही गेली तरी जी भूक जागची हलली नाही, ती एका सुईने हलवली. हे सांगण्यासारखं नाही.

१२ मार्च, बुधवार.
प्रोटीन. ठरलेलं ९०, झालेलं ३१. दही आंबट निघालं. आपल्या हातात जेवढं आहे तेवढं आपण करतो, दह्याचं आंबणं आपल्या हातात नाही.

नवा ठराव: शनिवारी आठवड्याचं चिकन एकदम शिजवायचं. सात डबे, प्रत्येकी १२० ग्रॅम. रोज एक डबा उघडला की विषय संपला.

१५ मार्च, शनिवार.
सात डबे भरले. लहान काट्यावर मोजले. एकाही डब्यात एका ग्रॅमची तूट नाही. फ्रिज उघडून दोनदा बघितले. आता काळजी नाही.

१८ मार्च, मंगळवार.
रविवारचं तिसरं इंजेक्शनही व्यवस्थित झालं, दुखलं नाही. वजन ९४. डबे सहा शिल्लक. एक ऑफिसात नेऊन शिक्केवाल्याला दिला. तो खाऊन म्हणाला, साहेब, वजन बरोबर आहे, मीठ राहिलं.

मीठ ही घालायची. मी चिकन शिजवायचो, आणि जाता जाता ही हात पुढे करून मीठ टाकायची, मला न विचारता. इतकी वर्षं माझी समजूत अशी की मला स्वयंपाक येतो.
दुष्परिणाम २: डोळ्यांतून पाणी. बाईंच्या यादीत नाही. विचारायचं.
दुष्परिणाम ३: दोन कप चहा केला गेला. विस्मरण?
दुष्परिणाम ४: दुकानात बिस्किटांच्या कपाटापाशी पाय उचलेनात. हिची बिस्किटं त्याच कप्प्यात असतात. स्नायूंची कमजोरी असणार. बाईंनी बजावलंच होतं.

२० मार्च, गुरुवार.
आज नको ते झालं. एका किराणा दुकानात तपासणीला गेलो होतो. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मट्कन खाली बसलो. खाली पोत्यांचा काटा होता. दुकानदाराने आधी आकडा वाचला, मग पाणी आणलं. ९३.८, बुटांसकट. गिऱ्हाइकं ऐकत होती.

याच दुकानदाराला मागच्या वर्षी मी किलोमागे बारा ग्रॅमच्या तुटीची नोटीस दिली होती. त्याने केळं सोलून माझ्या हातात दिलं. म्हणाला, साहेब, हे मोजलेलं नाही, तसंच खा. मला फार लाज वाटली. अर्धं खाल्लं.

ताई त्याच इमारतीत राहतात. गलका ऐकून खाली आल्या. मला बघून थबकल्या. शर्ट केवढा ढगळ झालाय, म्हणाल्या. मग म्हणाल्या, जेवत नाही का तुम्ही? मी म्हणालो, भूक लागत नाही.
हे खरं आहे. शब्दशः खरं आहे.

२१ मार्च, शुक्रवार.
ताई घरी आल्या. आठ महिन्यांनी. डब्यात डाळीचं सूप. हिच्या खुर्चीवर बसल्या नाहीत, स्टूल ओढून घेतलं. मी चार चमचे घेतले आणि पाचवा जाईना. त्या बघत होत्या. म्हणाल्या, माझं चुकलं, भाऊजी. मी तुम्हाला दगड समजत होते. तेव्हा तुम्हाला काही कळतच नव्हतं, आता कळायला लागलंय. काही माणसांना उशिरा लागतं.

मी गप्प राहिलो. एरवीही मी गप्पच असतो, त्यामुळे यात खोटं बोललो असं म्हणता येणार नाही.

त्या गेल्यावर पेन फ्रिजच्या दारातून काढून लोण्याच्या रिकाम्या डब्यात ठेवलं. लपवलं नाही. लोण्याच्या डब्यात तापमान स्थिर राहतं.

२३ मार्च, रविवार.
वजन ९२. चौथं इंजेक्शन. दुखत नाही.

दुपारी ताई. आज त्यांनी हिची एक गोष्ट सांगितली. त्यांच्या वडिलांना कमी दिसायचं. एकदा त्यांनी चुकून भलत्याच बाटलीतलं औषध घेतलं आणि घरात पळापळ झाली. ही तेव्हा सहा वर्षांची, नुकती वाचायला लागलेली. त्या दिवसापासून घरात येणारी प्रत्येक बाटली ही वडिलांसमोर उभी राहून मोठ्याने वाचून दाखवायची. ताई म्हणाल्या, कंपनीचा पत्तासुद्धा सोडायची नाही. आम्ही हसायचो, पण बाबा शेवटपर्यंत तिनं वाचल्याशिवाय गोळी घेत नसत.

एकतीस वर्षांच्या संसारात मला हे माहीत नव्हतं. मी कधी विचारलं नाही. मी म्हणायचो, पुरे.

ताईंशिवाय आता हे सांगणारं कुणी उरलेलं नाही. आणि त्या येतात त्या मी झुरतोय असं समजून.
ठराव: बुधवारी ताईंना इंजेक्शनचं सांगून टाकायचं.

२६ मार्च, बुधवार.
सांगितलं नाही. सूप गरम होतं. बोलत बसलो असतो तर निवलं असतं.

२८ मार्च, शुक्रवार.
सांगणारच होतो. पण ताई बोलता बोलता रडायला लागल्या. रडणाऱ्या माणसाला इंजेक्शनचं काय सांगायचं? सोमवारी नक्की.
दुष्परिणाम ७: दुपारी एक वाजता कारण नसताना फोन हातात घेणे. रोज होतंय. ही त्या वेळेला फोन करायची. जेवलात का, एवढंच विचारायची आणि ठेवून द्यायची.

३० मार्च, रविवार.
वजन ९०.९. नवीन पेन, डोस दुप्पट. दुप्पट डोसही दुखत नाही. पण भूक पार गेली. दुपारी एका अंड्याकडे वीस मिनिटं बघितलं.

३१ मार्च, सोमवार.
सांगितलं नाही. महिनाअखेर.

२ एप्रिल, बुधवार.
प्रोटीन १४ ग्रॅम. सरकारी वजनं अजून पलंगाखाली आहेत. झाडू मारताना पायाला लागतात. शिक्केवाला म्हणाला, साहेब, वजनं आणताय का, का तीही वाळायला ठेवलीत?

ताई म्हणाल्या, तिचा हिरवा स्वेटर तुमच्याकडेच असू दे, मी मागणार होते पण आता नाही मागत. कुणाच्या खोट्या काट्यावर शिक्का मारला असता तरी मला इतकं अपराधी वाटलं नसतं. पण तोंड उघडलं नाही. स्वेटर कपाटात आहे. कपाट उघडून उभा राहिलो, किती वेळ ते बघितलं नाही.
दुष्परिणाम ९.

५ एप्रिल, शनिवार.
ताईंना कळलं.

सूपात घालायला लोणी हवं होतं. मी हात धुवायला गेलो होतो. परत आलो तर ताई फ्रिजपुढे उभ्या, हातात पेन. त्यांनी त्यावरची चिठ्ठी वाचली. उभ्याने, मोठ्याने, पहिल्या अक्षरापासून. दोघी बहिणी सारख्याच. मग विचारलं, हे कशाचं? मी म्हणालो, भुकेचं. म्हणजे भूक जाण्याचं. कधीपासून? मी म्हणालो, दोन मार्च.

त्यांनी बोटांवर आठवडे मोजले. म्हणाल्या, म्हणजे तुमचं झुरणंही बाटलीतलंच होतं.

मी म्हणालो, मी सांगणार होतो. त्या म्हणाल्या, हो, सूप निवलं की. ते मी त्यांच्यापाशी कधीच बोललो नव्हतो, तरी त्यांना कसं कळलं कोण जाणे.
डबा इथेच टाकून गेल्या. मी सूपाला हात लावला नाही.

६ एप्रिल, रविवार.
इंजेक्शन घेतलं नाही. पूर्ण विचार केला. दोष औषधाचा आहे. डोस माणसाला झेपण्यापलीकडचा आहे. उद्या दवाखान्यात लेखी तक्रार. दुष्परिणाम एकूण अकरा, स्वच्छ अक्षरात उतरवून काढले.

७ एप्रिल, सोमवार. संध्याकाळी ६.
नर्सने तक्रार वाचली. म्हणाली, काका, हे काय आहे? दोन कप चहा, बिस्किटं, कपाट उघडून उभं राहणं? मी म्हणालो, दुष्परिणाम. ती म्हणाली, तुम्ही पेन कसं घेता ते जरा दाखवा मला. मी म्हणालो, अवश्य. नवीन सुई लावली, बाहेरचं टोपण काढलं, आकडा फिरवला, उशीला टेकवून बटण दाबलं. आकडा शून्यावर आला. बघा, म्हणालो.

ती म्हणाली, आणि हे आतलं टोपण कधी काढता?
मी म्हणालो, कुठलं?
तिने दोन बोटांत धरून ओढलं. बारीक नळीसारखं टोपण निघालं. त्याच्या आत सुई होती.

पाच आठवडे औषध टोपणात जात होतं. मला एक थेंबही मिळालेला नाही.

नर्सने डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी आहारतज्ज्ञ बाईंना बोलावलं. तिघांनी हसू दाबलं. मला दिसलं, बारीक फरक टिपायचीच माझी नोकरी आहे. मी विचारलं, मग सहा किलो कुठे गेले? बाई म्हणाल्या, अहो, तुम्ही जेवलाच नाहीत. याला वजन कमी करणं नाही म्हणत, याला झिजणं म्हणतात. नर्स पुन्हा माझी यादी वाचत होती. आता हसत नव्हती. म्हणाली, म्हणजे काका, हे अकराच्या अकरा औषधाशिवाय?


डॉक्टर म्हणाले, आठवडाभर नीट जेवा, मग लहान डोसपासून पुन्हा सुरुवात करू.

घरी आल्यावर हिचा खण उघडला. कागद काढला. पाचवी पायरी. टोपणाचं चित्र आहे, त्याला बाणही दाखवलाय. ही असती तर पाचव्या पायरीला थांबून माझ्याकडे बघितलं असतं.

१० एप्रिल, गुरुवार.
ताईंना सांगायला हवं. पण काय सांगणार? माझं दुःख तपासलेलं आहे, हे बघा टोपण? सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या काट्यांना दाखले दिले. स्वतःसाठी दाखला मागायचा म्हणजे हात पसरण्यासारखं आहे. शिवाय त्या दुपारी तीनदा भात घेतला होता, तो कुठल्या टोपणात घालू?

ठराव: शनिवारी नुसता डबा परत करायचा. डबा दुसऱ्याचा आहे. बोललोच तर चार मुद्दे, क्रमाने.

१२ एप्रिल, शनिवार.
डबा घासून नेला. टोपण खिशात, तक्रारीची प्रतही. दार उघडल्याबरोबर मी म्हणालो, टोपण काढलं नव्हतं. हा चौथा मुद्दा होता. मग दुसरा. पहिला राहिलाच.

ताई म्हणाल्या, काय बोलताय, आत तरी या. मी टोपण आणि कागद टेबलावर ठेवला, नर्सने काय सांगितलं ते सांगितलं. त्यांनी कागद उचलला आणि वाचायला लागल्या. उभ्याने, मोठ्याने. सातव्या दुष्परिणामाशी थांबल्या. पुढचे चार मनात वाचले. मग टोपण उजेडात धरून आरपार बघितलं.

म्हणाल्या, अख्ख्या गावाचे काटे तपासता, आणि एवढंसं टोपण निघालं नाही तुमच्याच्याने? ती असती तर तुम्हाला समोर उभं करून कागद वाचून दाखवला असता. मी म्हणालो, कंपनीच्या पत्त्यासकट. त्यावर त्या हसायला लागल्या. मीही हसलो. मग त्यांचं हसणं बदललं आणि माझंही, आणि मला बेसिनपाशी जाऊन उभं राहावं लागलं.

परत आलो तेव्हा ताटली वाढलेली होती. मटार घातलेला भात. मुद्दाम नव्हता केला, घरात मटार होते. शेजारी उकडलेली दोन अंडी, आधी प्रोटीन म्हणून. अंडी खाल्ली. भात खाल्ला. पुन्हा घेतला. मीठ बरोबर होतं, हिच्यासारखंच. तिसऱ्यांदा पळी उचलली आणि मान वर केली.

ताई म्हणाल्या, भूक आहे वाटतं.
मी म्हणालो, आहे.
त्यांनी माझ्या हातातून पळी घेतली आणि स्वतः वाढलं.

मी निघालो तेव्हा म्हणाल्या, शुक्रवारी सूप आणते, पेन लोण्याच्या डब्यातून काढा, लोणी आणून ठेवा.

१३ एप्रिल, रविवार. सकाळी ९.
वजन ९०.२. भाताचे तीनशे ग्रॅम धरून. सरकारी वजनं उद्या परत. नक्की.

इंजेक्शन घेतलं. पहिलं, लहान डोस. त्याआधी कागद उभ्याने वाचला, मोठ्याने, आणि प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने खूण केली. बाहेरचं टोपण काढलं. आतलं टोपण काढलं.

दुखतं.